आरोग्याच्या नोंदी: भरण्याची रीत आणि दुरुस्तीची वाट

आरोग्यसेवेच्या नोंदी एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये एकत्र आणण्याचा निर्णय शासन घेते, तेव्हा चर्चेचा बहुतेक वेळ कोणती माहिती मागवायची आणि ती किती लवकर मागवायची या दोनच प्रश्नांवर खर्च होतो. नोंद कोणत्या मार्गाने आत यावी हा प्रश्न निव्वळ तांत्रिक समजून कंत्राटदाराकडे सोपवला जातो. आणि आत आलेली नोंद चुकीची निघाली किंवा काळाच्या ओघात जुनी झाली, तर ती कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणती खूण मागे ठेवून बदलावी, हा प्रश्न पोर्टल सुरू होऊन तक्रारींचा ढीग साचल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. दुरुस्तीची रीत आधी ठरली पाहिजे आणि नोंद भरण्याचा मार्ग तिला धरून निवडला गेला पाहिजे, कारण ज्या मार्गाने आलेली नोंद नंतर त्याच सहजतेने सुधारता येत नाही, तो मार्ग कितीही जलद असला तरी काही वर्षांत डेटाबेसला अविश्वसनीय करून सोडतो. असे झाले की आकडे वर जात राहतात, तक्ते रंगत राहतात, आणि प्रत्यक्ष उपचार करणारी माणसे मात्र आपल्या वहीवरच विसंबून राहतात.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घ्यायचे तर दोन प्रकारच्या नोंदींतील फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. पहिला प्रकार एकत्रित आकड्यांचा: एका महिन्यात एका उपकेंद्रात किती गरोदर मातांची नोंदणी झाली, किती बाळांना गोवराची लस मिळाली, किती प्रसूती संस्थेत झाल्या. २००८ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुरू केलेली आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, जिला सर्वजण ‘एचएमआयएस’ म्हणून ओळखतात, ती मुळात अशा मासिक आकड्यांची प्रणाली आहे. दुसरा प्रकार व्यक्तिनिहाय नोंदीचा: अमुक माता, तिची अमुक तारखेची तपासणी, तिचे हिमोग्लोबिन, तिची प्रसूती, तिचे बाळ. २००९ मध्ये माता आणि बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी प्रणाली आली आणि पुढे तिची जागा प्रजनन व बाल आरोग्य पोर्टलने घेतली. २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद शासनाला कळवणे सर्व डॉक्टरांवर बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही क्षयरुग्णांची प्रणाली उभी राहिली. एकत्रित आकडा चुकला तर त्या जागी दुसरा आकडा घातला की काम भागते. व्यक्तीची नोंद मात्र तिच्याबरोबर गाव बदलते, तिचे आडनाव बदलते, उपचार बदलतो, मृत्यूने ती बंद होते. ती एकदा भरून टाकण्याची वस्तू नाही, तिला पुढे कित्येक महिने सांभाळावे लागते. देशाची आरोग्ययंत्रणा पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळली, परंतु नोंद भरून घेण्याची मानसिकता मासिक अहवालाचीच राहिली, आणि आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

नोंद आत जाण्याचे मार्ग साधारण पाच आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची जागा आहे. सर्वांत जुना मार्ग कागदाचा: आरोग्य सेविका रजिस्टर भरते, महिन्याअखेर त्यावरून अहवाल काढते, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि तेथे किंवा तालुक्याला डेटा एन्ट्री ऑपरेटर तो संगणकावर चढवतो. दुसरा मार्ग वेब पानावरील अर्जाचा, ज्यात माहिती थेट पोर्टलवर भरली जाते. तिसरा मार्ग फाइलीचा, म्हणजे शेकडो ओळींचा तक्ता तयार करून तो एकदम चढवण्याचा. चौथा मार्ग मोबाइल किंवा टॅबलेटवरील ॲपचा, ज्यात नेटवर्क नसताना नोंद यंत्रातच साठते आणि नेटवर्क मिळाल्यावर मध्यवर्ती सर्व्हरशी जुळवली जाते. या जुळवणीला ‘सिंक होणे’ म्हणतात, आणि २०१६ मध्ये आरोग्य सेविकांसाठी आलेले ‘अनमोल’ हे ॲप याच कल्पनेवर आधारले होते. पाचवा मार्ग यंत्र-ते-यंत्र देवाणघेवाणीचा: रुग्णालयाची स्वतःची संगणक प्रणाली ठरलेल्या रचनेचा संदेश मध्यवर्ती प्रणालीकडे परस्पर पाठवते आणि माणसाला वेगळी एन्ट्री करावी लागत नाही. या व्यवस्थेला तांत्रिक भाषेत ‘एपीआय’ म्हणतात.

हे पाच मार्ग मागासलेल्यापासून प्रगतापर्यंतच्या पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर पोचणे हेच ध्येय आहे, असा समज धोरणाच्या दस्तऐवजांत सर्रास आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. गडचिरोली किंवा मेळघाटातील उपकेंद्रात वेब अर्जापेक्षा ऑफलाइन ॲप श्रेष्ठ ठरते, कारण तेथे तपासणीच्या वेळी नेटवर्क असेलच याची शाश्वती नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेला मात्र ॲपचा काहीच उपयोग नाही. तिच्याकडे रोज शेकडो निकाल आधीच संगणकात असतात आणि ते पुन्हा हाताने भरायला लावणे म्हणजे चुकांना आमंत्रण देणे आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे महिन्याला क्षयरोगाचे दोन-तीन रुग्ण येत असतील, तर त्याच्यासाठी साधा वेब अर्ज किंवा दूरध्वनीवरून नोंद घेणारा क्षयरोग कर्मचारी हाच योग्य मार्ग आहे. तेव्हा मार्ग निवडताना पहिला निकष हा की नोंद जिथे जन्माला येते तिथून ती किती कमी हातांतून आणि किती कमी वेळा लिहून आत जाते. महाराष्ट्रातील आरोग्य सेविकेवरचा सर्वांत अन्यायकारक भार याच बाबतीत आहे: तिला रजिस्टरही भरावे लागते आणि ॲपही, कारण तपासणीला आलेले अधिकारी रजिस्टर मागतात आणि आढावा बैठकीत पडद्यावरचे आकडे विचारले जातात. दोन ठिकाणी लिहिलेली एकच माहिती दोन ठिकाणी वेगळी निघाली की दोष तिच्यावर येतो, आणि दोन्हींपैकी खरी कोणती हे ठरवण्याचा नियम मात्र कोणीच केलेला नसतो.

फाइल चढवण्याचा मार्ग सर्वांत निरुपद्रवी दिसतो, म्हणून त्याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोविड चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुरी तक्त्यांच्या रूपाने येत होते आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था ते एक्सेलच्या साच्यात ओढून मध्यवर्ती प्रणालीकडे पाठवत होती. तो साचा एक्सेलच्या जुन्या स्वरूपातला होता, ज्यात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत असल्यामुळे साचा अपेक्षेपेक्षा फार लवकर भरला आणि त्यापुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित रुग्ण अशा रीतीने दैनंदिन आकड्यांतून निसटले. त्या रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, परंतु त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेपर्यंत ती नावे वेळेत पोचली नाहीत, आणि साथीच्या त्या टप्प्यावर काही दिवसांचा उशीर म्हणजे आणखी कित्येकांना झालेला संसर्ग होता.

या घटनेवर पुष्कळ टीका झाली ती जुने सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल. खरा दोष त्याहून मूलभूत होता: पाठवणाऱ्याने किती नोंदी दिल्या आणि घेणाऱ्याने किती घेतल्या, हे सांगणारी पावती त्या साखळीत नव्हती, निदान चूक वेळेवर पकडील इतकी परिणामकारक तरी नव्हती. पोस्टातून रजिस्टर पत्र पाठवणाऱ्याला जी पोच मिळते, ती लक्षावधी रुपयांच्या आरोग्य प्रणालीत मिळू नये हे खेदजनक आहे. सादरीकरणाचा कोणताही मार्ग स्वीकारताना ही अट पहिली असावी की प्रत्येक खेपेला आलेल्या, स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्या नोंदींची संख्या पाठवणाऱ्याला परत कळली पाहिजे, नाकारलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण त्याला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे, आणि तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा चढवली तर एका रुग्णाचे दोन रुग्ण होता कामा नयेत. शेवटच्या अटीसाठी प्रत्येक नोंदीला पाठवणाऱ्याच्या बाजूनेच एक कायमचा क्रमांक असावा लागतो, ज्यावरून मध्यवर्ती प्रणाली ‘ही नवी नोंद’ आणि ‘ही आधीच्याच नोंदीची सुधारित आवृत्ती’ यांत भेद करू शकते. हा क्रमांक सुरुवातीला ठरवला नाही तर पुढे त्याची भरपाई कोणत्याही हुशार सॉफ्टवेअरने पूर्णपणे होत नाही.

महाराष्ट्राने त्याच वर्षी याहून बोचरा अनुभव घेतला, आणि त्यात अडचण नोंदी आत येण्याची कमी आणि त्या अद्ययावत राहण्याची जास्त होती. १६ जून २०२० रोजी राज्याने कोविडने झालेल्या १,३२८ मृत्यूंची भर आपल्या आकड्यांत घातली. त्यांतील ८६२ मृत्यू मुंबईचे होते. हे मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते. मागील काळात झालेले आणि आकडेवारीत न आलेले मृत्यू जिल्ह्यांच्या याद्या आणि मध्यवर्ती याद्या ताडून पाहताना सापडले होते. दुसऱ्या दिवशी देशाच्या दैनिक तक्त्यात एकाच दिवसात २,००३ मृत्यू दिसले आणि ते पाहून सामान्य माणूस धास्तावला. त्या काळी रुग्णाची नोंद प्रथम प्रयोगशाळेकडून चाचणीच्या निकालासह होत असे, तो दाखल झाला की रुग्णालय त्याची माहिती वेगळ्या ठिकाणी भरे, आणि तो बरा झाला किंवा दगावला तर ती अखेरची नोंद महापालिका किंवा जिल्हा प्रशासनाच्या यादीत होई. रुग्ण एक, त्याच्या नोंदी तीन, आणि या तिन्हींना जोडणारा विश्वसनीय धागा नाही. पहिली नोंद भरण्याची घाई सर्वांना होती, कारण तिच्यावर दैनिक आकडा ठरत होता. शेवटची नोंद पूर्ण करण्याचे उत्तरदायित्व मात्र नेमके कोणाचे, हे स्पष्ट नव्हते, आणि दाटीवाटीच्या वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टरांकडून ती वेळेवर होईल ही अपेक्षाही रास्त नव्हती. राज्याने ती भर उघडपणे घातली आणि कारण सांगितले, हे योग्यच झाले. परंतु ताळमेळाची ही मोहीम एक-दोन महिन्यांनी एकदा हाती घेण्याची वेळ यावी, यावरून रोजच्या रोज नोंद अद्ययावत करण्याची रीत मुळात आखलीच गेली नव्हती, हे दिसून येते.

साथीचा काळ अपवादात्मक होता, असे यावर म्हटले जाईल. पण साथ नसतानाही हाच पेच ग्रामीण महाराष्ट्रात रोज उभा राहतो, आणि तो कोणाही आरोग्य सेविकेला ठाऊक आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत घ्यावी. नव्याने लग्न झालेली एखादी स्त्री सासरच्या गावी गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात नोंदवली जाते. आधार कार्डावर तिचे माहेरचे नाव असते, रेशनकार्डावर सासरचे, आणि मोबाइल क्रमांक नवऱ्याचा असतो. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, जे कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात असते. तेथील सेविकेला तिची आधीची नोंद पाहता येत नसेल, किंवा नाव आणि मोबाइल वेगळे असल्यामुळे ती सापडत नसेल, तर नवी नोंद उघडण्यावाचून तिला गत्यंतर नसते. माहेरच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात प्रसूती होते, बाळाला जन्मतः द्यायच्या लसी तेथे मिळतात, आणि दीड महिन्याची लस कधी माहेरी, कधी सासरी परतल्यावर दिली जाते. आता सासरच्या उपकेंद्राच्या यादीत एक माता अशी उरते जिची प्रसूतीची तारीख उलटून गेली आहे आणि निकाल भरलेला नाही. तालुक्याहून फोन येतो की एन्ट्री पेंडिंग का आहे. सेविकेला ठाऊक असते की बाई माहेरी बाळंत झाली, मूल सुखरूप आहे. पण ते सांगण्यासाठी पडद्यावर जागा नसेल तर ती नाइलाजाने अंदाजे तारीख टाकून नोंद बंद करते. एका मातेच्या दोन माता झाल्या आणि एका बाळाची दोन बाळे, आणि यात खोटेपणा करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता.

ऊसतोडीसाठी बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची गोष्टही अशीच आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे, या चक्रात साडेतीन महिन्यांची किंवा नवव्या महिन्याची लस कारखान्याच्या तळावर दिली गेली, तर ती मूळ गावच्या नोंदीत चढेलच असे नाही. लस टोचली गेली हे महत्त्वाचे, नोंद दुय्यम, असे म्हणणे सोपे आहे. परंतु जिची नोंद मूळ गावी पोचली नाही ती लस पुन्हा दिली जाण्याची शक्यता असते, आणि जिथे लस दिलीच गेली नाही तिथे ‘बाहेर घेतली असेल’ असे गृहीत धरले जाण्याची शक्यता त्याहून अधिक असते. या दुसऱ्या शक्यतेची किंमत मूल मोजते.

यावर उपाय शोधताना लक्षात येते की नोंद कशी सुधारावी याचे उत्तम शास्त्र आपल्या कायद्यात आधीपासून लिहिलेले आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ नुसार रजिस्टरातील चुकीची नोंद निबंधकाला दुरुस्त किंवा रद्द करता येते, मात्र मूळ नोंदीत काहीही फेरफार न करता समासात योग्य ती नोंद करून, तिच्यावर सही करून आणि दुरुस्तीची तारीख घालून. महाराष्ट्रातील खेड्यात हे निबंधकाचे काम ग्रामसेवक करत आला आहे. या एका तरतुदीत आधुनिक डेटाबेसला लागणारे जवळजवळ सर्व काही आहे: जुनी नोंद शाबूत राहते, नवी नोंद तिला जोडलेली असते, बदल कोणी केला आणि केव्हा केला हे कायमचे कळते, आणि बदल करण्याचा अधिकार नोंद जिथे झाली तिथल्याच माणसाकडे असतो. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हे तत्त्व सातबाऱ्यावरून चांगले परिचित आहे. खातेदार बदलला की जुने नाव खोडरबराने पुसले जात नाही. त्याला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. महसूल खात्याच्या कारभाराविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी कितीही असोत, पन्नास वर्षांपूर्वी जमीन कोणाच्या नावे होती आणि ती कशी बदलत आली हे गाव नमुना सहा या फेरफारांच्या नोंदवहीवरून सांगता येते. आरोग्याच्या पोर्टलवर मात्र पाच महिन्यांपूर्वीच्या नोंदीत आधी काय होते, हे भरणाऱ्या सेविकेला बहुधा सांगता येत नाही.

संगणकात जुनी किंमत पुसून नवी लिहिणे हे सर्वांत सोपे काम असल्यामुळे प्रणाली बनवणारे तोच मार्ग स्वाभाविकपणे धरतात. त्याचे परिणाम दोन टोकांचे होतात. एक तर कोणालाही काहीही बदलता येते आणि आकडे उद्दिष्टाच्या दिशेने हळूहळू सरकू लागतात; किंवा त्या भीतीने प्रशासन ठरावीक मुदतीनंतर नोंदी गोठवते, म्हणजे त्यांत बदल करण्याची सोयच बंद करते, आणि मग खरी चूकही सुधारता येत नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग समासातील नोंदीचा आहे: दुरुस्ती कधीही करता यावी, पण ती जुन्या नोंदीवर थर म्हणून बसावी, तिच्याबरोबर कारण लिहिले जावे, आणि आकडे प्रसिद्ध करताना ते कोणत्या तारखेच्या स्थितीचे आहेत हे सांगितले जावे. मार्च महिन्याचा अहवाल जून महिन्यात सुधारला गेला, तर मार्चचे मूळ आकडे आणि जूनचे सुधारित आकडे दोन्ही उपलब्ध असणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. आज मात्र आकडा बदलला की कुठेतरी गैरप्रकार झाला असाच अर्थ काढला जातो, आणि त्या धाकाने कर्मचारी दिसलेली चूक झाकून ठेवतात.

को-विन या कोविड लसीकरणाच्या प्रणालीने या बाबतीत घालून दिलेला धडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी ती देशभर एकाच वेळी सुरू झाली आणि पुढे तिने ज्या प्रमाणावर नोंदी पेलल्या ते खरोखर असामान्य होते. तिच्या निर्मात्यांना त्याचे श्रेय निःसंशय दिले पाहिजे. परंतु प्रमाणपत्रावरील नाव, जन्मवर्ष किंवा लिंग चुकले असल्यास ते नागरिकाला स्वतः सुधारता येण्याची सोय त्याच वर्षीच्या जून महिन्यात आली. दोन वेगळ्या मोबाइल क्रमांकांवरून नोंद झाल्यामुळे ज्यांना पहिल्या मात्रेचीच दोन प्रमाणपत्रे मिळाली होती, त्यांच्यासाठी ती जोडून घेण्याचीही सोय पुढे करण्यात आली. आणि लस न घेताच ‘घेतली’ अशी नोंद झालेल्या माणसाला ती रद्द करून घेण्याची सोय २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे मोहीम सुरू होऊन वर्ष उलटल्यावर मिळाली. मधल्या काळात अशा माणसाला केंद्रावर ‘तुमची लस झाली आहे’ असे सांगितले जाण्याची आणि त्याच्याकडे प्रतिवाद करण्यास काहीच साधन नसण्याची पाळी येऊ शकत होती. या तिन्ही चुका अनपेक्षित नव्हत्या. नावे चुकणार, क्रमांक बदलणार, एखादी एन्ट्री भलत्याच माणसावर पडणार, हे पोलिओच्या बूथवर काम केलेला कोणीही पहिल्या दिवशी सांगू शकला असता.

याउलट निक्षयमध्ये एक चांगला विचार दिसतो. क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो आणि तेवढ्या काळात रुग्ण कामासाठी शहर बदलतो, म्हणून त्या प्रणालीत रुग्णाचा क्रमांक एकच राहतो आणि तो एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे हस्तांतरित करता येतो; निदान कुठे झाले आणि सध्या उपचार कुठे चालू आहे या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदल्या जातात. गरोदर मातेच्या नोंदीलाही हीच रचना हवी आहे. निक्षयने आणखी एक गोष्ट दाखवली. १ एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात देण्याची योजना सुरू झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. पैसे नोंदीला जोडले गेल्याबरोबर खाते क्रमांक, नाव आणि उपचाराची स्थिती अचूक ठेवण्यात रुग्णालाही रस निर्माण झाला, कारण चूक झाली तर हप्ता अडकतो. ज्याची नोंद आहे त्यालाच तिच्या अचूकतेचा लाभ मिळाला तर नोंद जिवंत राहते, हे यावरून कळते. मात्र याच जोडणीमुळे बँक खात्यात एका अक्षराची चूक असलेला सर्वांत गरीब रुग्ण उपाशी राहण्याचा धोकाही वाढतो. म्हणून जिथे नोंदीवर पैसे किंवा औषध अवलंबून आहे, तिथे दुरुस्तीची मुदत दिवसांत मोजली गेली पाहिजे आणि तोवर लाभ थांबता कामा नये.

यंत्र-ते-यंत्र देवाणघेवाणीचे समर्थक असे म्हणतात की हे सर्व प्रश्न मानवी एन्ट्रीमुळे उद्भवतात, आणि सर्व रुग्णालये एपीआयने जोडली गेली की ते आपोआप सुटतील. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये या दिशेने विचारपूर्वक पावले टाकली गेली आहेत. प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक घेता येतो, रुग्णालये आणि डॉक्टर यांच्या स्वतंत्र नोंदवह्या आहेत, आणि वैद्यकीय कागद एका मोठ्या मध्यवर्ती साठ्यात गोळा न करता ज्या रुग्णालयात तयार झाले तिथेच ठेवून रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखवण्याची रचना केली आहे. ही रचना दुरुस्तीच्या दृष्टीने मुळातच अधिक योग्य आहे, कारण ज्याने नोंद केली त्याच्याकडेच मूळ नोंद राहते आणि तिच्या बदलाचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच राहते. मध्यवर्ती ठिकाणी जे नाव आणि क्रमांक अपरिहार्य आहेत तेवढेच असावेत, आणि एचआयव्हीसारख्या आजाराच्या बाबतीत, जिथे २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचे कडक बंधन घातले आहे, तिथे नावानिशी माहिती वर पाठवण्याआधी ती खरोखर लागते का हे प्रथम सिद्ध केले जावे.

तरीही यंत्रांच्या संवादाने चूक नाहीशी होईल ही आशा फोल आहे. यंत्र चूक अधिक वेगाने आणि अधिक ठिकाणी पोचवते. एका रुग्णालयाने चुकीचा रक्तगट किंवा दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल जोडला, आणि तो तीन ठिकाणी पाहिला आणि उतरवून घेतला गेला, तर मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती त्या तिन्ही प्रतींपर्यंत पोचवण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. ती व्यवस्था नसेल तर संमतीची सगळी काळजी घेऊनही रुग्णाच्या मागे एक चुकीचा कागद कायमचा फिरत राहतो. शिवाय उपकेंद्र, छोटा दवाखाना, प्रसूतिगृह ही ठिकाणे अजून अनेक वर्षे हातानेच नोंद करणार आहेत, आणि त्यांना नाकारून केवळ जोडलेल्या रुग्णालयांच्या आकड्यांवर धोरण आखले तर जिथे आरोग्यसेवा सर्वांत दुबळी आहे तोच भाग नकाशातून पुसला जाईल. म्हणून पाचही मार्ग दीर्घकाळ शेजारी शेजारी चालतील असे गृहीत धरूनच रचना केली पाहिजे, आणि कोणत्याही मार्गाने आलेली नोंद कोणत्याही दुसऱ्या मार्गाने सुधारता आली पाहिजे: ॲपवरून भरलेली नोंद तालुक्याच्या संगणकावरून, आणि फाइलीतून आलेली चूक एका साध्या अर्जाने. या एका अटीवर बहुतेक प्रणाली अडखळतात.

दुरुस्तीचा अधिकार सैल केला तर उद्दिष्ट गाठण्यासाठी आकडे फिरवले जातील, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण आकडे फिरवण्याचे काम बंद खोलीत, जुनी किंमत पुसली जाते तिथेच सुकर होते. प्रत्येक बदलाला नाव, तारीख आणि कारण लागत असेल आणि ते वरिष्ठाला तसेच रुग्णाला दिसत असेल, तर फसवणूक करणाऱ्याला आपली सही मागे ठेवावी लागते. रुग्णाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त, पूर्ण आणि अद्ययावत करून घेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क आशा कार्यकर्तीच्या हातातील मोबाइलवर, मराठीत आणि रुग्णासमोर बजावता आला नाही, तर शिकलेल्या शहरी माणसापुरताच तो उरेल. माता-बाल संरक्षण कार्ड आजही घराघरात जपून ठेवले जाते, कारण त्यावर आईला स्वतः पाहता येते की कोणती लस झाली आणि कोणती राहिली. डेटाबेसमधील नोंद त्या कार्डाइतकी तरी तिच्या डोळ्यांसमोर असावी.

राज्याच्या आणि केंद्राच्या आरोग्य विभागाकडे म्हणूनच एक मागणी करावीशी वाटते. पुढील कोणत्याही आरोग्य पोर्टलची किंवा ॲपची निविदा निघेल, तेव्हा तिच्यात सादरीकरणाच्या मार्गांआधी दुरुस्तीचे कलम लिहिलेले असावे: नोंद कोण सुधारू शकतो, किती दिवसांत, जुनी नोंद कशी टिकते, गाव बदलणाऱ्या रुग्णाची नोंद कोणाकडे जाते आणि दुरुस्ती झाल्याचे कोणाकोणाला कळते. ते कलम लिहिले जात असताना त्या टेबलाशी सचिव, संगणकतज्ज्ञ आणि कंत्राटदार यांच्या बरोबरीने गडचिरोलीची एक आरोग्य सेविका, बीडची एक आशा आणि तालुक्याचा एक डेटा एन्ट्री ऑपरेटर बसलेला असावा, आणि त्यांनी ‘हे चालणार नाही’ असे म्हटल्यास प्रणाली सुरू करण्याची तारीख पुढे ढकलली जावी.